गाडीच्या विम्यातला तिऱ्हाईत

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत गाडीचा विमा कुठून आला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका पत्र्याच्या डब्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वडील गेल्यानंतर कपाट आवरताना बिस्किटांचा एक जुना डबा सापडला. त्यात त्यांच्या स्कूटरचे सगळे कागद होते. आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, आणि वर्षावर्षाची विम्याची सर्टिफिकेटं, दोऱ्याने नीट बांधलेली. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. माणूस शिस्तीचा. मी सहज ती वाचायला घेतली आणि लक्षात आलं, की हा सगळा विमा ‘ॲक्ट ओन्ली’, म्हणजे कायद्याला लागतो तेवढाच होता. आणि त्याच स्कूटरवर वीस वर्षं माझी आई डबलसीट बसून भाजीला, देवळात, माहेरी जात होती. त्या वीस वर्षांत वडिलांच्या चुकीने काही बरंवाईट झालं असतं, तर त्या दोऱ्यात बांधलेल्या कागदांनी आईसाठी एक रुपयाही देणं लागत नव्हतं. वडिलांना हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर पन्नाशी उलटेपर्यंत मलाही नव्हतं.

आता तुम्हाला विचारतो. इथे गाडी असलेल्यांपैकी किती जणांनी आपली पॉलिसी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे? हात वर करा. … दोन. त्यातले एक वकील आहेत, ते मला माहीत आहे. (हशा)

दोष आपला एकट्याचा नाही. आपण जिला ‘इन्शुरन्स’ म्हणतो, ती एक वस्तू नाहीच. ते दोन वेगवेगळे करार आहेत, एकाच कागदावर छापलेले. एक करार कायद्याने जन्माला घातला. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो तुमच्यासाठी नाहीच, तुमच्या गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. दुसरा करार बाजाराने घडवला. त्याचा दर कंपनी ठरवते आणि तो तुमच्या पत्र्यासाठी, काचेसाठी, इंजिनासाठी आहे. या दोघांचा इतिहास वेगळा आहे. तो कळला की पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, हे आपोआप कळतं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

तिसरा माणूस कुठून आला

‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो, की पहिली आणि दुसरी पार्टी कोण हे कोणी विचारतच नाही. पहिला पक्ष म्हणजे गाडीचा मालक, दुसरा म्हणजे विमा कंपनी. करार या दोघांमध्ये होतो. तिसरा माणूस म्हणजे ज्याने करारावर सही केलेली नाही, ज्याला करार झाल्याचं माहीतही नाही, असा रस्त्यावरचा कोणीही. मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत.

१८९६ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचारी मरण्याची ही पहिली घटना मानली जाते. पुढच्या तीसेक वर्षांत मोटारी वाढल्या, अपघात वाढले, आणि कायद्यापुढे एक विचित्र पेच उभा राहिला. जखमी माणूस मोटारवाल्यावर दावा लावू शकत होता, जिंकूही शकत होता. पण मोटारवाल्याकडे पैसे नसले, तर हातात फक्त निकालाची नक्कल. त्याहून वाईट म्हणजे, मोटारवाल्याने स्वखुशीने विमा उतरवलेला असला आणि तो दिवाळखोर निघाला, तर विम्याचे पैसे त्याच्या इतर सावकारांमध्ये वाटले जायचे. ज्याचा पाय गेला, तो त्या रांगेत कुठेतरी मागे उभा.

यावर ब्रिटिश संसदेने १९३० साली दोन कायदे केले. एकाने सांगितलं, की तिऱ्हाइताचा विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. दुसऱ्याने सांगितलं, की मालक बुडाला तर विमा कंपनीकडे पैसे मागण्याचा हक्क थेट जखमी माणसाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सक्तीचा विमा त्याच्याही आधी, १९२७ पासून, लागू केला होता.

यातली कल्पना बघा. तोपर्यंत विमा म्हणजे मुख्यतः स्वतःच्या मालमत्तेची काळजी. जहाज माझं, गोदाम माझं, विमा माझा. इथे कायदा म्हणाला, की हप्ता तू भर, पण हक्क दुसऱ्याचा. आज आपल्याला हप्ता भरताना जो मनस्ताप होतो ना, ‘इतकी वर्षं भरतोय, मला काय मिळालं?’ असा, त्याचं मूळ इथे आहे. तुम्हाला काही मिळावं म्हणून तो बनलेलाच नाही.

आपल्याकडे: १९३९ ते १९४६

हिंदुस्थानात मोटारी आल्या त्या प्रथम मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर, एकोणिसावं शतक संपता संपता. विमा कंपन्याही आल्या. १९१९ साली सर दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया अॅशुरन्स सुरू केली, ती आजही फोर्टात उभी आहे. पण मोटारीचा विमा तोवर ऐच्छिक होता. हौशी आणि श्रीमंत लोक तो उतरवत.

१९३९ साली मोटर वाहन कायदा झाला. त्याच्या आठव्या प्रकरणात तिऱ्हाईत विम्याची सक्ती होती आणि ती बरीचशी ब्रिटिश कायद्यावरून घेतलेली होती. मात्र कायदा १९३९ चा असला, तरी हे विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ रोजी. मधे महायुद्ध होऊन गेलं.

या प्रकरणातली एक तरतूद फार महत्त्वाची आहे. निकाल लागला की कंपनीने पैसे द्यायचे. ‘मालकाने आमच्याशी केलेली अमुक अट मोडली’ असं म्हणून तिऱ्हाइताला परत पाठवायचं नाही. कंपनीला बचावाची कारणं अगदी मोजकी ठेवली. पुढे न्यायालयांनी ती आणखी आवळली. १९८७ सालचा एक खटला आहे. ट्रकचा ड्रायव्हर समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला. इंजिन चालू, किल्ली जागेवर, आणि ट्रकमध्ये क्लीनर. क्लीनरने ट्रक चालवला आणि माणूस मेला. कंपनी म्हणाली, क्लीनरकडे लायसन्स नव्हतं, आम्ही देणं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. हा विमा कायद्याने आणला तो मेलेल्याच्या घरच्यांसाठी, आणि मालकाने स्वतःहून अट मोडलेली नसताना त्याची शिक्षा त्यांना देता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर ‘आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा’ ही रीतच पडली.

हे शेवटचे चार शब्द लक्षात ठेवा. मग मालकाकडून वसूल करा. लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात आपण किल्ली दिली, तर तिऱ्हाइताला पैसे मिळतील, पण नंतर कंपनी आपल्या दारात येईल.

माणसाची किंमत कशी वाढत गेली

सक्तीच्या विम्याचा हप्ता का वाढतो, असं सगळे विचारतात. गाडी तीच, रस्ता तोच, मग? त्याचं उत्तर गाडीत नाही, न्यायालयात आहे. हा हप्ता माणसाच्या भरपाईच्या मागे मागे चालतो.

सुरुवातीला भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागे. कोर्ट फी भरा आणि वर्षानुवर्षं खेटे घाला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट मोकळी झाली. वाट सोपी झाली, पण चूक कोणाची हे सिद्ध करावंच लागे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं, की चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध नाही तर भरपाई नाही. विचार करा, नवरा गेला, साक्षीदार नाही, आणि बायकोने सिद्ध करायचं की ट्रक कसा चालला होता. मग १९८२ च्या दुरुस्तीने ‘चूक न विचारता’ द्यायची रक्कम आली. मृत्यूला १५ हजार रुपये. आज हसू येईल, पण तत्त्व म्हणून ते मोठं पाऊल होतं. आज चूक न विचारता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख घेता येतात.

जुन्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती. मालट्रकसाठी कंपनीच्या देण्याला मर्यादा होती. बराच काळ ती ५० हजार होती, १९८२ नंतर दीड लाख झाली. त्यावरचं देणं मालकाच्या बोडक्यावर. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि मृत्यू व जखमेपुरती ही मर्यादाच निघून गेली. न्यायाधिकरण जे ठरवेल ते कंपनीने द्यायचं. आकडा कितीही असो.

आता तो आकडा कसा ठरतो ते पाहू. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी त्याचं गणित घालून दिलं आहे. समजा, बत्तीस वर्षांचा एक माणूस, स्वतःचं छोटं दुकान, महिन्याची मिळकत २० हजार. घरी बायको, दोन मुलं, आई. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. झाले २८ हजार. स्वतःवर केला असता तो खर्च, चार माणसं अवलंबून असल्याने एक चतुर्थांश, वजा करायचा. उरले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. त्या वयाचा गुणक १६. गुणाकार केला की ४० लाख ३२ हजार. शिवाय अंत्यविधी, सहवासाला मुकणं वगैरेची रक्कम वेगळी.

एका छोट्या दुकानदाराचे ४० लाख. आणि तुमच्या १२५ सीसीच्या मोटरसायकलचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात किती आहे? ७१४ रुपये, वर जीएसटी. हजार सीसीपर्यंतच्या कारला २,०९४. पंधराशेपर्यंत ३,४१६. त्यावर ७,८९७. दर बदलत असतात, नूतनीकरणाच्या वेळी ताजे पाहा. पण प्रमाण बघा. ७१४ रुपयांच्या मागे ४० लाखांची जबाबदारी उभी आहे. आणि विमा नसेल, तर ते ४० लाख तुमच्या घरावर, शेतावर, पगारावर येणार. लोक २,००० रुपयांच्या दंडाला भितात. भ्यायचं ते दंडाला नाही.

तरीही आपल्या रस्त्यांवरची निम्म्याहून अधिक वाहनं विनाविमा आहेत, असं संसदेच्या समितीपुढे आलं आहे. त्यात दुचाक्यांचा भरणा मोठा. पहिल्या वर्षी शोरूमवाला विमा काढून देतो, दुसऱ्या वर्षी आठवण करून द्यायला कोणी नसतं. म्हणूनच कोइमतूरच्या एका अस्थिशल्यविशारदाने रस्ते सुरक्षेसाठी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं, की नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा तिऱ्हाईत विमा एकदमच घ्यायचा. १ सप्टेंबर २०१८ पासून ते लागू आहे. नव्या गाडीच्या बिलात विम्याचा आकडा एवढा मोठा का दिसतो, त्याचं एक कारण हे.

दर कोण ठरवतं

आता दुसऱ्या कराराकडे येऊ, आपल्या स्वतःच्या गाडीच्या.

१९७१ च्या मे महिन्यात सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झालं. देशी-विदेशी मिळून १०७ कंपन्या होत्या, त्यांच्या चार केल्या. मुंबईची न्यू इंडिया, कलकत्त्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल, मद्रासची युनायटेड इंडिया. आपल्या पिढीला आठवत असेल, चौघींकडे जा, दर तोच. कारण दर त्यांचा नव्हताच, दरपत्रक समितीचा होता. घासाघीस करायला जागा नव्हती, म्हणून पॉलिसी वाचायची सवयही लागली नाही. माझ्या मते आपल्या आजच्या गोंधळाचं बीज त्या काळात आहे.

१९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. कंपन्यांची स्पर्धा लागली आणि या भागाचे दर धडाधड खाली आले. पण तिऱ्हाइताचा दर मोकळा केला नाही. का? कारण मोकळा केला असता, तर ट्रक आणि बसचा विमा कोणी परवडेल अशा दरात दिलाच नसता. त्यात अपघात जास्त, भरपाई मोठी. कंपन्या ट्रकवाल्याला दारातूनच परत पाठवू लागल्या असत्या. म्हणून २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं व्यावसायिक वाहनांच्या तिऱ्हाईत विम्याचा तोटा सगळ्या कंपन्यांनी एका सामाईक कोशात वाटून घेतला.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. थर्ड पार्टीचा दर सगळ्यांकडे सारखा. ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असं कोणी म्हणालं, तर तो कागद खोटा असण्याची शक्यता आहे. तुलना करायची ती फक्त दुसऱ्या भागाची.

हा दुसरा भाग कशावर ठरतो? जुन्या दरपत्रकाचा सांगाडा अजून दिसतो. गाडीची किंमत, वय, इंजिनाची ताकद आणि नोंदणीचं गाव. दरपत्रकाने देशाचे दोन भाग केले होते. मुंबई आणि पुणे ‘अ’ गटात, दिल्ली-कलकत्त्यांच्या पंक्तीला. नाशिक, नागपूर, कोल्हापूर ‘ब’ गटात. पुणेकरांना हा मान फार पूर्वीच मिळालाय. (हशा)

मग आपण काय घ्यायचं

आता हिशेबाला बसू.

पहिली गोष्ट आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती. दरपत्रकाप्रमाणे सहा महिन्यांच्या आत किमतीतून ५ टक्के वजा, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीनच्या आत ३०, चारच्या आत ४०, पाचच्या आत ५०. एजंट जेव्हा ‘हप्ता कमी करून देतो’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो हा आकडा खाली आणतो. पाच-सातशे रुपये वाचतात आणि चोरी झाली की पन्नास हजार जातात. दोन कंपन्यांचे दर ताडून बघताना आयडीव्ही सारखी आहे ना, हे आधी पाहा.

दुसरी, घसारा. गाडी ठोकली, प्लॅस्टिकचा बंपर बदलला, बिल १२ हजार. प्लॅस्टिक आणि रबराला निम्मा घसारा, म्हणजे ६ हजार गेले. पंधराशे सीसीपर्यंतच्या कारला पहिले १,००० रुपये आपले. हातात आले ५ हजार. मग माणूस म्हणतो, ‘फुल इन्शुरन्स’ होता तरी फसवलं! फसवलं नाही, फुल हा शब्द पॉलिसीत नाहीच. घसारा कापू नये म्हणून ‘झीरो डेप’ नावाची पुरवणी मिळते. आजच्या गाड्यांत प्लॅस्टिक भरपूर असल्याने पहिली चार-पाच वर्षं ती घ्यावी असं मी म्हणेन. जुन्या गाडीला अनेक कंपन्या ती देतही नाहीत.

तिसरी, पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो गाड्या पाण्यात गेल्या. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत असतं. पण पाणी ओसरल्यावर किंवा पाण्यात उभं असतानाच कोणी किल्ली फिरवली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि इंजिन बसलं, तर कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने नाही, तुम्ही स्टार्टर मारल्याने झालं. पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल, तर इंजिनाची पुरवणी घ्या. आणि ती असो वा नसो, बुडालेली गाडी सुरू करू नका. टो करून न्या. हा सल्ला फुकट आहे आणि सगळ्यात मोलाचा आहे.

चौथी, नो क्लेम बोनस. दावा केला नाही तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. समजा, सुटीआधीचा तुमच्या गाडीचा हप्ता ८ हजार आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात. दारावर ओरखडा आला, बिल ६ हजार, आणि तुम्ही दावा केला. सूट शून्यावर आली. पुढच्या वर्षी ४,००० जास्त, मग २,४००, २,०००, १,२००, ४००. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तरी पाच वर्षांत १० हजार गेले. सहा हजारांसाठी दहा गमावले. विमा मोठ्या घावासाठी असतो, ओरखड्यासाठी नसतो. आणि ही सूट गाडीची नाही, तुमची आहे. जुनी गाडी विकून नवी घेतलीत तर बरोबर नेता येते. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती गेली.

पाचवी गोष्ट, जिच्यासाठी मी तो पत्र्याचा डबा उघडला. माणसं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमची स्वतःची गाडी नाही, तुम्ही नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांप्रमाणे दुचाकीवर मागे बसलेलं माणूसही नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसलेला आणि खासगी कारमधले सोबती येतात, हे २०१२ च्या निकालाने स्पष्ट झालं. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. २०१८ पर्यंत तो दुचाकीला अवघा एक लाख होता. पण तो मालकाचा. मुलगा वडिलांची गाडी घेऊन गेला आणि स्वतःच घसरून पडला, तर तो तिऱ्हाईत ठरत नाही. गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी आला असं न्यायालय धरतं. अशा घरात, जिथे एक गाडी चौघं चालवतात, प्रत्येकाचा वेगळा अपघात विमा काढणं हाच मार्ग. गाडीच्या पॉलिसीत हे शोधू नका.

थोडक्यात माझं मत असं. तिऱ्हाईत विमा एक दिवसही खंडू देऊ नका, तिथे विचार करायचा नसतो. स्वतःच्या गाडीचा विमा हा हिशेबाचा प्रश्न आहे. गाडी बुडाली तर ती स्वतःच्या पैशाने पुन्हा घेता येईल का, एवढंच विचारा. दहा-बारा वर्षांची गाडी असेल, तर तो भाग सोडलात तरी चालेल. पण मागे कोणी बसत असेल, तर सोडण्याआधी त्या माणसाचा विचार करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, माझ्या दुचाकीची पॉलिसी दोन महिन्यांपूर्वी संपली. आता काय?*

आज घरी जाण्याआधी थर्ड पार्टी काढा. ऑनलाइन दहा मिनिटांत निघते. पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ असते, ती बघा आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. स्वतःच्या गाडीचा भाग हवा असेल, तर कंपनी आधी गाडी तपासेल. तुमचा बोनस ९० दिवसांच्या आत आहे, तो वाचवा.

*सेकंडहॅण्ड कार घेतली. आधीच्या मालकाचा विमा अजून आठ महिने आहे. तो चालतो ना?*

तिऱ्हाइताचा भाग गाडीबरोबर येतो, कायद्यानेच येतो. पण स्वतःच्या गाडीचा भाग आपोआप येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. आणि त्याचा बोनस तुम्हाला मिळणार नाही. मघाशी म्हणालो तसं, तो माणसाचा असतो.

*इतकी वर्षं हप्ते भरले, एकदाही दावा केला नाही. ते पैसे वायाच गेले की.*

ताई, हा प्रश्न माझ्या वडिलांनीही दर वर्षी विचारला असेल आणि तरी भरले असतील. तुमचे पैसे कुठे गेले, ते सांगतो. मघाशी गणितात एक दुकानदार होता, बत्तीस वर्षांचा. तो मी बनवलेला होता. पण तसे खरे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटत नाही, ती तुमच्या-माझ्या अशा हप्त्यांवर. त्यांना तुमचं नाव माहीत नाही. तिऱ्हाईत म्हणतात ते यालाच. आणि रस्ता ओलांडताना आपणही कोणाचे तरी तिऱ्हाईतच असतो. त्या गाडीवाल्याने हप्ता भरलेला असावा, एवढीच आपली इच्छा असते.

वेळ झाली. घरी गेल्यावर एक करा. पॉलिसी काढा आणि हप्त्याचे दोन रकाने शोधा, एक स्वतःच्या गाडीचा, एक तिऱ्हाइताचा. मग आपल्यामागे रोज कोण बसतं ते आठवा आणि त्या माणसाचं नाव कुठल्या रकान्यात बसतंय ते बघा.